आत्तेचे माड आणि माझी बातमी

पोस्ट थोडी मोठी आहे. चिपळूणकरांनी आणि खाडीकाठच्या मंडळींनी तरी शेवटपर्यंत वाचा. यात एक चूक कबूल करायची आहे, आणि ती माझी स्वतःची आहे.

परवा आत्तेचा फोन आला. तिची वाडी वाशिष्ठीच्या खाडीला लागून, गोवळकोटच्या खाली. म्हणाली, "अजून एक माड गेला रे. रात्री आवाज आला, सकाळी बघते तर मुळासकट पाण्यात." मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, बघतो, कळवतो. त्यावर ती शांतपणे म्हणाली, "गाळ काढा, नदी सरळ करा, ही बातमी तूच दिली होतीस ना?"

दिली होती. 22 जुलै 2021 ची रात्र आणि दिवस ज्यांनी पाहिला त्यांना समजेल. बाजारपेठेत पाणी पहिल्या मजल्याला लागलं होतं. पौर्णिमा दोन दिवसांवर, म्हणजे खाडीला उधाण. वरून पाऊस, खालून भरती, आणि मध्ये शहर. डिसेंबरात गाळ काढण्यासाठी उपोषण झालं तेव्हा मी रोज मंडपात होतो. गाळ काढायलाच हवा होता, आजही माझं मत तेच आहे. पण मी त्या भरात लिहिलं की नदीची वळणं हाच अडथळा आहे, एकदा सरळ केली की पाणी थेट दाभोळला. हे मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. पत्रकारितेच्या डिप्लोमाला नदी हा विषय नव्हता.

आता जे कळलंय ते सांगतो. चहा गाळायला विसरा, कपात चमचा गोल फिरवा आणि थांबा. चोथा खरं तर बाहेर कडेला फेकला जायला हवा. तो जमतो कपाच्या मधोमध. वरचं पाणी वेगाने बाहेर ढकललं जातं, तळाचं पाणी घासून मंद होतं आणि आत वळतं, येताना चोथा घेऊन येतं. नदीच्या वळणाचं कोडं याच चहाच्या कपावरून आइन्स्टाइनने 1926 साली एका लेखात समजावलं होतं. (होय, तोच आइन्स्टाइन.) वळणाच्या बाहेरच्या काठाला पाणी खोल डोह करतं, दरड तळातून पोखरतं. आतल्या काठाला वाळू आणि गाळ आणून टाकतं. एक काठ खाते, दुसरा वाढवते. म्हणून वळण जागेवर राहत नाही, दरवर्षी थोडं सरकतं.

ही झाली घाटावरच्या नदीची गोष्ट. आपली खाडी त्याहून अवघड. इथे पाणी दिवसातून दोनदा वर येतं, दोनदा खाली जातं, आणि भरतीचं पाणी ज्या वाटेने येतं त्याच वाटेने ओहोटीला जाईल असं नाही. दोन वाटांच्या मध्ये पाणी मंदावतं, तिथे गाळ बसतो. त्यातून जुवे तयार होतात. गोडं पाणी खाऱ्याला भेटलं की बारीक चिखलाचे कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि खाली बसतात, ते वेगळंच. वर आपल्या वाशिष्ठीला कोयनेचं अवजल. लवादाने ठरवलेलं वर्षाला 67.5 टीएमसी पाणी घाट उतरून इकडे येतं आणि वीजनिर्मितीप्रमाणे कमी-जास्त होतं. काठ भिजतो, सुकतो, पुन्हा भिजतो. भिजलेल्या काठाखालचं पाणी झटकन उतरलं की दरड बसते, हे आत्तेला कुठल्याही अहवालाशिवाय माहीत आहे.

एकेकाळी गलबतं गोवळकोटच्या धक्क्यापर्यंत यायची. तिकडे राजापूर तर इंग्रजांची वखार असलेलं बंदर, आज तिथे गाळ. या नद्या कधीच एका जागी नव्हत्या. आम्ही मात्र 2021 नंतर निळी रेषा, लाल रेषा यावरून भांडलो, जणू नकाशावर रेषा मारली की नदी तिच्यात राहणार. निळी 25 वर्षांतल्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या. पण काठच सरकला तर रेषा कुणी सरकवायची?

आता वाडीसमोर काय झालं ते. समोरच्या जुव्याचा गाळ पोकलेनने काढला आणि तो लांब न नेता तिथेच, आतल्या काठावर ढीग करून ठेवला. डंपरचा खर्च वाचला. पूर्वी मोठा पूर त्या सखल भागावरून पसरून जायचा. आता ढिगाने अडतो आणि सगळं पाणी आत्तेच्या काठाला घासून जातं. मी इंजिनिअर नाही, एवढंच एक कारण असेल असा दावा करत नाही. पण 2019 ला काठावर अकरा माड होते, आज चार आहेत.

सातबाऱ्यावर क्षेत्र मात्र तेवढंच. आत्ते एका कार्यालयात गेली तर उत्तर मिळालं, "मोजणीची फी भरा, मग बघू." जमीन महसुलाच्या 1966 च्या कायद्यात मळईच्या जमिनीचा विचार आहे, म्हणजे नदी वागते कशी हे कायदा करणाऱ्याला ठाऊक होतं. पाण्यात गेलेल्या जमिनीचा सारा ती अजून भरते. रक्कम किरकोळ आहे, पण पावती दाखवताना तिचा चेहरा किरकोळ नसतो.

अमेरिकेत फ्लोरिडात किसिमी नावाची नदी आहे. पूर नको म्हणून 1962 ते 1971 या काळात सरकारने 166 किलोमीटरची वळणदार नदी सरळ करून 90 किलोमीटरचा कालवा केला. पाणथळ जागा सुकल्या, पाखरं गेली, आणि मग तोच कालवा बुजवून जुनी वळणं परत आणायचं काम अनेक वर्षं चाललं. ते पूर्ण झालं जुलै 2021 ला. आपण दुकानातला चिखल उपसत होतो त्याच महिन्यात.

गाळ काढायला माझा विरोध नाही. पुन्हा सांगतो, नाहीतर उद्या कुणीतरी स्क्रीनशॉट फिरवेल. पण कुठल्या वळणावर, किती खोल, काढलेला गाळ टाकला कुठे, आणि काढण्याआधी व नंतर नदीचे छेद मोजले का? ही माहिती मी लेखी मागितली आहे. मिळाली की जशीच्या तशी इथे टाकतो. बाहेरच्या काठावर तिवरं होती तिथली दरड कमी ढासळलीय, हे मी होडीतून स्वतः पाहिलं. ती तोडून धक्के बांधणाऱ्यांनी एकदा चक्कर मारावी.

रविवारी आत्तेकडे जाऊन काठापासून दहा फुटांवर तीन बांबू ठोकून आलो. फोटो काढलेत, तारीख लिहिली आहे. आत्ते म्हणाली, "बांबू कशाला, माड मोजतेच की मी." तरीही ठोकले. येत्या अमावास्येच्या उधाणानंतर पुन्हा टेप लावणार आहे. वळणाच्या बाहेरच्या काठाला ज्यांची घरं, वाड्या, मेरे आहेत त्यांनीही ठोका, आणि अंतर मला कळवा.