बाथ, वार आणि एक अपुरी इमारत

सेवानिवृत्तीनंतर एकदा परदेश पाहावा ही इच्छा माझी. सोबत थोरल्या दादांनी यावे हा आग्रह वहिनींचा. कापडाचे दुकान मुलांच्या हाती सोपवूनही दादांना गल्ल्याशेजारची गादी सुटत नव्हती. अखेर जानेवारीत चार दिवसांसाठी आम्ही दोघे भाऊ सपत्नीक बँकॉकला निघालो. सामानात कपड्यांपेक्षा खाखरे, दशम्या आणि मेतकूटच अधिक होते.

विमानतळाचे नाव सुवर्णभूमी, आणि आत समुद्रमंथनाचे भव्य शिल्प. वहिनींना तेवढ्यानेच धीर आला. तो फार टिकला नाही. तेथे पदपथावर ठायी ठायी चुली पेटलेल्या असतात आणि त्यांवर काय भाजले जात आहे, हे न पाहणेच बरे. पण दुसऱ्याच दिवशी चिनी वस्तीत एका दुकानावर पिवळा झेंडा व त्यावर तांबडी अक्षरे दिसली. ही ‘जे’ भोजनाची खूण. तेथील चिनी वंशाच्या लोकांत ही चाल जुनी आहे. बहुधा आपल्या नवरात्राच्या सुमारास ते नऊ दिवस असा आहार पाळतात. काही दुकाने मात्र तो बारमाही देतात. मांस, मासे, अंडी, दूध वर्ज्य. इतकेच नव्हे तर कांदा-लसूणही वर्ज्य! वहिनींचा चेहरा उजळला. मात्र कढणात मुळ्याच्या फोडी निघाल्या आणि भाताशेजारी सोयाबीनचे, पण हुबेहूब मांसासारखे दिसणारे तुकडे आले. त्यांनी ताट हळूच बाजूला सारले आणि पिशवीतून खाखरा काढला. तेथे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे आमचा चौविहार साडेपाचलाच आटोपे. आणि खरे शहर जागे होई ते त्यानंतर.

देवळे आम्ही पाहिली. वाट फो येथील पहुडलेली बुद्धमूर्ती ४६ मीटर लांब आहे. तिच्या मागील भिंतीलगत १०८ भांडी मांडली आहेत आणि त्यांत नाणी टाकणाऱ्यांचा खणखणाट अखंड चालतो. आपल्या जपमाळेचीच ही संख्या, म्हणून पत्नीने ती भांडी मोजून पाहिली.

परंतु दादांचे बँकॉक होते ते पाहुरत. पाचव्या राम राजाच्या अकाली निवर्तलेल्या कन्येचे नाव धारण करणारा हा भाग म्हणजे कापडाचा बाजार. जवळच शिखांच्या गुरुद्वाराचा सोनेरी घुमट. अरुंद बोळांतून हातगाड्या अंगावर येत होत्या, आणि दादा मात्र घरच्या अंगणात हिंडावे तसे हिंडत होते. पोत चिमटीत धरून पाहायचा, मान हलवायची. दुकानदाराने गणकयंत्रावर आकडा दाखवायचा, दादांनी तो पुसून आपला मांडायचा. भाषा लागलीच नाही. कापड तेथे अजूनही यार्डावर, म्हणजे आपल्या वारावर विकले जाते, हे कळताच ते हरखले. मीटर येण्यापूर्वी वडिलांच्या हातातील गज त्यांनी पाहिला होता. त्यांनी हाताने वार भरून दाखवला; दुकानदार मोठ्याने हसला आणि त्याने भाव उतरवला.

पुढे याओवारात रस्त्यावर सोन्याच्या लालभडक पेढ्या. तेथे सोने ‘बाथ’ या मापाने विकतात. एक बाथ म्हणजे सुमारे १५.२ ग्रॅम, आणि शुद्धता ९६.५ टक्के. चलनाचे नाव आणि वजनाचे नाव एकच! या बाथने २ जुलै १९९७ रोजी डॉलरची साथ सोडली आणि आशियातील कित्येक देशांची अर्थव्यवस्था कोसळली, ते सारे मी बँकेत बसून वृत्तपत्रांत वाचले होते.

अखेरच्या दिवशी चाओ फ्राया नदीतून बोटीने दक्षिणेकडे जाताना डाव्या तीरावर एक उत्तुंग, काळवंडलेली इमारत दिसली. जवळजवळ पन्नास मजले. कित्येक खिडक्यांना तावदानेच नाहीत. साथोर्न युनिक असे तिचे नाव. १९९७ च्या संकटात काम थांबले, ते आजतागायत थांबलेलेच. त्या डिसेंबरात तेथील ५६ वित्तकंपन्या कायमच्या बंद करण्यात आल्या, हे मी दादांना सांगितले. बुडीत कर्जाचे असे रूप मी चौतीस वर्षांच्या नोकरीत पाहिले नव्हते.

दादा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “यांना कुणी नाही म्हणणारा भेटला नाही.”

माझ्या छातीत धस्स झाले. १९९६ च्या दिवाळीनंतर दादांना शेजारचा गाळा घ्यायचा होता. अर्ज आमच्याच शाखेत आला. सख्ख्या भावाचे प्रकरण म्हणून मी ते हाताळले नाही. पण व्यवस्थापकांनी विचारले तेव्हा मालसाठा फुगवून दाखवला आहे, असा शेरा मी स्वहस्ते लिहून दिला. कर्ज नामंजूर झाले. गाळा दुसऱ्याने घेतला. त्यानंतर कितीतरी वर्षे आम्ही लग्नकार्यापुरते बोलत होतो, आणि त्या शेऱ्याविषयी मी घरात कोणापाशी कधीही बोललो नाही.

“दादा, तो शेरा—”

“माहीत आहे. साहेबांनी फाईल उघडून माझ्यापुढे ठेवली होती. तुझं अक्षर मला ओळखू येणार नाही? पाटीवर मीच गिरवून घेतलं होतं.”

“मग आजवर बोलला नाहीत कधी?”

“काय बोलणार? साठा फुगवलेला होताच.” थोडे थांबून ते पुन्हा म्हणाले, “पण तू आधी घरी येऊन मला सांगायला हवं होतंस.”

मला उत्तर सुचले नाही. बोट धक्क्याला लागली. दादांनी कापडाची पिशवी माझ्या हातात दिली, घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाले, “चल लवकर, सूर्यास्ताला पाऊणच तास उरला आहे. त्या दोघी खोळंबल्या असतील.”