भात कमी करा म्हणे!

भंडारा जिल्ह्यात गर्भवती बाईच्या तपासणीत साखर निघाली की पहिला सल्ला ठरलेला: भात कमी करा. धानाच्या जिल्ह्यात, रेशनच्या तांदळावर चालणाऱ्या घरात! सल्ला देणाऱ्याने तिच्या घरची चूल कधी पाहिलेली नसते.

आम्ही साकोली-लाखांदूर भागात बाळंतिणींना भेटतो. गोंड, ढिवर, बौद्ध, कुणबी, सगळ्याच. गर्भारपणातला मधुमेह ओळखणे अवघड नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजायचे, दोन तासांनी रक्त तपासायचे. साखर १४० किंवा त्याहून जास्त आली की निदान झाले. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासायचे असते, ते मात्र राहून जाते. बाळ झाले, साखर गेली, असे सगळे समजतात. पुढे कायमचा मधुमेह जडण्याचा धोका तिच्या मागे राहतोच.

अंगावर पाजल्याने हा धोका कमी होतो, असे अभ्यास सांगतात. पण नेमके अशाच आईला दूध उतरायला कधी कधी उशीर होतो. जन्मताच बाळाची साखर घसरू शकते, म्हणून त्याला वेगळे ठेवतात आणि डब्याचे दूध सुरू होते. एका दवाखान्यात आम्ही पाहिले, कुणबी बाईला बाळ कसे धरायचे ते नर्सने शेजारी बसून दाखवले, पलीकडच्या खाटेवरच्या गोंड बाईला म्हणाली, "तुम्हाला सांगून काय उपयोग!" तिला धीर दिला तो तिच्या आजेसासूने: "लेकराले लावून ठेव, येते दूध." तिसऱ्या दिवशी आले.

रक्तातली साखर जात बघत नाही. शेजारी बसणारी नर्स बघते.

आणि घरी गेल्यावर? जुलै १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाळंतपणाआधीची आणि नंतरची विश्रांती हे राष्ट्राचे हित मानले. आज कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. तुमसर तालुक्यातल्या चिखल्याच्या मँगनीज खाणीतल्या बाईला ती लागू होते. रोवणीला जाणाऱ्या बाईचा मालक कोण? आज एका बांधीत, उद्या दुसऱ्या. वर्षभरात ८० दिवस काम केल्याचा पुरावा ती कुठून आणणार? मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळासाठी ५००० रुपये मिळतात, तेही हप्त्यांनी. ज्याच्या विश्रांतीचे पैसे कोणी देत नाही, त्याला "सहा महिने फक्त अंगावर पाजा" सांगणे सोपे असते.

कायदा बदलायला वेळ लागेल, ती लढाई चालू ठेवायचीच. तोवर आम्ही आशाताईंच्या मागे लागलो आहोत. दीड महिन्याच्या लशीला आई बाळाला घेऊन येतेच. आदल्या दिवशी निरोप द्यायचा, उपाशीपोटी या. त्याच दिवशी तिचीही साखर तपासायची. दोन तास थांबावे लागते, म्हणून बसायला सावली आणि पाजायला आडोसा हवा. दोन गावांत सरपंचांनी होकार दिला आहे. तिसऱ्या गावात ताडपत्री आम्हीच नेणार आहोत.