वाळूचा कल

भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती एकत्र येतात. पावसाळा सरून पाणी उतरलं की संगमाजवळ वाळूचे पट्टे उघडे पडतात. डिसेंबरात अशाच एका पट्ट्यावरून मी या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो. वरच्या अंगाला गोटे आणि भरड वाळू. खाली जावं तशी ती पिठासारखी मऊ. पट्टा लांबट, आणि त्याची लांबी नेमकी धारेच्या दिशेत. पाणी कुठून आलं, हे वाळूच सांगत होती.

माझं रोजचं काम हेच, फक्त वाळूच्या जागी दीर्घिका. सर्वेक्षणातून एकेका दीर्घिकासमूहाचे ठिपके घ्यायचे, त्यांवर लंबवर्तुळ बसवायचं आणि त्याचा मोठा अक्ष उत्तरेपासून किती अंश कललाय ते मोजायचं. १९८२ साली ब्रुनो बिंगेली या स्विस खगोलशास्त्रज्ञाने ४४ समूह असेच मोजले. एकमेकांपासून सुमारे १० कोटी प्रकाशवर्षांच्या आतले समूह बहुधा शेजाऱ्याकडेच रोखलेले, असं त्याला आढळलं. समूह चहूबाजूंनी सारखा भरत नाही. कृष्णद्रव्य आणि दीर्घिका विश्वजालाच्या, म्हणजे विश्वभर पसरलेल्या द्रव्याच्या जाळ्याच्या, तंतूंवरून वाहत येतात. जिकडून भर पडते तिकडे समूह लांबतो. दोन शेजाऱ्यांना जोडणारा तंतू एकच, म्हणून दोघांचे कल जुळतात.

मोजणं मात्र नाजूक. समूहात वीसच दीर्घिका सापडल्या, तर कडेच्या दोन गाळताच अक्ष फिरतो. मागची-पुढची परकी दीर्घिका आत घुसते. गोलसर समूहाचा तर कोन लिहूच नये. आणि एका जोडीवरून काही ठरत नाही, शेकडो लागतात. सुरुवातीला मी शेजारी समूह बघून अक्ष आखत असे. कल सुरेख जुळत. सगळं पुन्हा मोजावं लागलं. तेव्हापासून कोन वहीत उतरेपर्यंत शेजारी झाकलेला असतो.

भामरागडच्या त्या संध्याकाळी भाद्रपदांच्या चौकोनाखाली मीन रास स्वच्छ दिसत होती. त्याच दिशेला, ४ अब्ज प्रकाशवर्षांवर, पुण्याच्या आयुका आणि आयसरमधल्या संशोधकांनी २०१७ साली जाहीर केलेला महासमूह आहे: किमान ४३ समूह, ६० कोटी प्रकाशवर्षांचा पसारा. नाव ठेवलं नदीचं, सरस्वती. डोळ्यांना तिथे नुसता काळोख होता आणि कानांत संगमाचं पाणी.

परतल्यावर पुढचा समूह उघडला. शेजारी झाकला, आणि ठिपके मोजायला घेतले.