शेपटी पुन्हा उगवते!

उगवते, खरंच उगवते! घरच्या टाकीत जन्मलेल्या क्लाउनफिशच्या एका पिल्लाची शेपटी भावंडांनी पार अर्ध्यापर्यंत कुरतडली होती. आज तीच शेपटी पूर्ण गोल आहे, कडेची काळी रेघसुद्धा परतली आहे! माशांचे पर पुन्हा वाढतात हे ब्रुसोने या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने अठराव्या शतकातच लिहून ठेवलंय. पण ते वाचणं वेगळं आणि आपल्या हॉलमध्ये बघणं वेगळं.

भिंग लावून बघा एकदा. पर म्हणजे नुसता पातळ पडदा नव्हे, त्यात हाडाच्या बारीक काड्या असतात आणि प्रत्येक काडीला उसासारखी पेरं! काडी टोकाला वाढते, एकेक पेर जोडत. तुटली की आधी जखमेवर कातडी येते, तिच्याखाली नव्या पेशींचा पुंजका जमतो आणि त्यातून पुढची पेरं निघतात. आणि कमाल ही, की मुळाजवळ तुटलेला पर टोकाशी तुटलेल्यापेक्षा भरभर वाढतो. आपलं किती गेलंय हे त्या काडीला कळतं!

कुरतडण्याचं कारण साधं आहे. क्लाउनफिशमध्ये आकारावर मान ठरतो. सर्वांत मोठी ती मादी, तिच्या खालोखाल नर, बाकीचे दबून. पिल्लं दाटीत वाढली की धाकट्यांच्या शेपट्या जातात.

पण सगळंच परत येत नाही, आणि मला झोप लागू देत नाही ते हेच. एका पिल्लाचं कल्ल्यावरचं झाकण आखूड आहे, आतले लाल कल्ले उघडे दिसतात. एकाला पोटाखालचा एक पर नाहीच. टॉर्च धरला तर तिथे काड्यांचं मूळसुद्धा दिसत नाही. कुरतडलेल्या पराला मूळ असतं, हा फरक एकदा दिसला की प्रत्येक मासा वाचता येतो!

असं का होतं, ते शोधायला सुरुवातीकडे जावं लागतं. अंड्यातून निघतं ते जेमतेम चार मिलिमीटरचं पारदर्शक पिल्लू. पुढच्या ८ ते १२ दिवसांत त्याची काया पालटते. तेव्हा ते खातं रोटिफर, म्हणजे शेवाळावर वाढवलेले सूक्ष्म जीव, आणि रोटिफरने जे खाल्लं तेच पिल्लाच्या पोटात जातं. पिल्लाला ईपीए आणि डीएचए ही दोन्ही ओमेगा-३ मेदाम्लं लागतात. सगळे वापरतात त्या नॅनोक्लोरॉप्सिस शेवाळात ईपीए भरपूर, डीएचए जवळजवळ नाही. ते आयसोक्रायसिस या दुसऱ्या शेवाळात असतं. आखूड झाकणं आणि वाकडे जबडे यांचा संबंध अशा कमतरतांशी जोडला जातो. पाणी हिरवंगार दिसलं म्हणजे पिल्लांचं पोषण झालं, असं नाहीच मुळी!

पांढऱ्या पट्ट्यांचं तर विचारूच नका. ते डोक्याकडून शेपटीकडे उमटतात, आणि त्यामागे थायरॉइडचं संप्रेरक असतं. पापुआ न्यू गिनीच्या किंबे उपसागरातल्या क्लाउनफिशवरचा अभ्यास २०२१ मध्ये आला: पिल्लू कोणत्या जातीच्या समुद्रफुलात राहतं त्यावर पट्टे लवकर येणार की उशिरा, हे बदलतं. घर बदललं की पट्ट्यांची वेळ बदलते! अर्धवट पट्ट्याचे मासे ‘डिझायनर’ म्हणून चढ्या भावाने विकले जातात. पट्ट्याचं ठीक आहे, पण झाकण आखूड असलेल्या माशांची जोडी मी लावणार नाही.

नव्या अंड्यांत चंदेरी डोळे चमकायला लागलेत, नर परांनी सारखा वारा घालतोय. आज अंधार पडला की फुटतील. या वेळी रोटिफरला आयसोक्रायसिस आधीपासून चालू आहे. ज्यांना बघायचंय त्यांनी जेवून लगेच या, भिंग मी देते!