स्नेहलतागंजातला रात्रीचा पहारा

रात्री एक वाजून गेला की आमच्या स्नेहलतागंजात काठीचा ठोका ऐकू येतो आणि मागोमाग शिट्टी. आमचा रखवालदार नेपाळचा. सारे त्याला ‘बहादुर’ म्हणतात. घरटी महिन्याला ठरावीक रक्कम, हाच त्याचा पगार. गेल्या महिन्यात गल्लीत चोरी झाली आणि रहिवाशांत दोन तट पडले. परवाना असलेल्या एजन्सीची गणवेशधारी माणसे आणावीत, असे एका पक्षाचे म्हणणे. दुसऱ्याला ओळखीचा माणूस बरा वाटे. “ओळख काय कामाची, सर? नुकसान कोण भरून देणार?” असे एका तरुण शेजाऱ्याने मला विचारले. मला चटकन उत्तर देता आले नाही.

हा प्रश्न माळव्याला जुनाच आहे. २१ डिसेंबर १८१७ रोजी क्षिप्रेकाठी महिदपूरला होळकरांचा पराभव झाला, ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला आणि इंदूर राजधानी झाली. फौजेची रोजी गेली. हत्यारे मात्र हाती राहिली. अशा मुलखात विंध्याचे घाट व्यापाऱ्यांना निर्धोक कसे करावेत? ज्या भिल्ल-भिलाला नायकांची वाटसरूंना धास्ती होती, त्यांच्याकडेच सर जॉन मालकमने वाटा सोपविल्या. जामनियाचा नादिरसिंग हा त्यांतला नामांकित. या भूमियांना ठरीव नेमणूक मिळे आणि आपल्या हद्दीतील लुटीचा जाब त्यांनी द्यावयाचा असे. मालकम काही साधुपुरुष नव्हता. पण घाटातली पायवाट ज्याला ठाऊक त्यालाच जबाबदार धरावे, एवढे व्यवहारज्ञान त्याला होते.

पुण्याकडील रामोशांची रीत याहून जुनी. गावात चोरी झाली तर रामोशाने चोराचा माग शिवेपर्यंत काढून द्यावयाचा, न साधल्यास भरपाई करावयाची. मात्र या जोखमीच्या पाठीशी वतन होते, हक्क होते, किल्ल्याची राखण होती. पेशवाई बुडाल्यावर ते गेले, आणि त्यातून उमाजी नाईक उभा राहिला. सरकारने मध्यंतरी त्याला माफी देऊन बंदोबस्ताच्याच चाकरीत घेतले. ते टिकले नाही. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्याला फाशी देण्यात आली. तिकडे पुण्याच्या छावणीत साहेबलोक बंगल्याबंगल्यावर पगारी रामोशी ठेवीत. न ठेवावा तर चोरी होते, असा बोलवा होता. राखण कुठे संपते आणि खंडणी कुठे सुरू होते, हे साहेबालाही सांगता आले नसते!

आपल्या काळात अफगाणिस्तानात तेच घडले. परदेशी फौजांच्या रसदेच्या वाटा राखण्यासाठी स्थानिक सरदारांचीच माणसे पगारावर घेतली गेली. अखेर २०१० मध्ये राष्ट्राध्यक्ष करझाईंनी खासगी पहारे मोडण्याचे फर्मान काढले. काबूलमधील कॅनडाच्या वकिलातीच्या पहाऱ्यावर तर परमुलखातली माणसे होती. २० जून २०१६ रोजी त्यांच्या बसवर हल्ला झाला आणि अनेक नेपाळी पहारेकरी मारले गेले. स्थानिक माणसाची भीती वाटते म्हणून परका आणावा, तर त्या परक्याच्या पाठीशी कोण असते?

असो. बैठकीत तूर्त एवढेच ठरले की बहादुरची पोलिसांत नोंद करावी, आणि फॉर्म भरण्याचे काम शिक्षक म्हणून माझ्याकडे आले. इतक्या वर्षांत प्रथमच त्याचे नाव विचारले, याची मला लाज वाटली. गाव रोल्पा जिल्ह्यातले. १९९६ ते २००६ या यादवीच्या काळात त्याने घर सोडले. भरपाईची गोष्ट काढताच तो म्हणाला, “दस गली हैं साब, मैं अकेला.” इथला पत्ता विचारला तेव्हा तो घुटमळला. एका इमारतीच्या जिन्याखाली तो निजतो. भाडे नाही, पावती नाही. त्या रकान्यात मी आमच्या घराचा क्रमांक लिहिला आणि सही करण्यासाठी पेन त्याच्या हाती दिले.