आत कथील, बाहेर तांबे

तांब्याच्या पातेल्यात उकळणाऱ्या आमटीला तांबे लागता कामा नये. तिला लागते ते कथील. भांड्याच्या आतल्या अंगावर बसवलेला कागदाहून पातळ पांढरा थर, म्हणजे कल्हई, हेच खरे स्वयंपाकाचे भांडे. तांबे त्याला बाहेरून आधार देते आणि चुलीची आच सगळीकडे सारखी पोचवते. दुकानात गिऱ्हाईक मात्र बाहेरच्या लाल झळाळीवर भाळते, बुडाला टिचकी मारून बघते, वजन विचारते आणि आत डोकवायचे विसरते.

आच पोचवण्यात तांब्याचा हात धरील असा धातू स्वयंपाकघरात दुसरा नाही. चांदी किंचित सरस आहे, पण चांदीच्या पातेल्यात रोजचा भात कोणी शिजवीत नाही. स्टेनलेस स्टीलच्या मानाने तांब्यातून उष्णता पंचवीसेक पट सहज वाहते. स्टीलच्या पातेल्यात खीर बर्नरच्या कड्याएवढ्या गोलात खाली लागते आणि काठाशी थंड राहते. जाड तांब्यात ती बुडाशी आणि बाजूंनी एकाच वेळी तापते. गॅस कमी केला की उकळीही लगेच बसते. पाक करताना, बासुंदी आटवताना हा आज्ञाधारकपणा फार मोलाचा ठरतो.

मराठी घराने तरीही तांबे मुख्यतः पाण्यासाठी ठेवले. बंब, हंडा, घंगाळ, कळशी, देवघरातले ताम्हन आणि पळी-पंचपात्र तांब्याचे. भाताची तपेली, वरणाची लंगडी, दुधाची पातेली बहुधा पितळेची. तांब्यातला स्वयंपाक जास्त जपला तो बिर्याणीच्या देगांनी, आणि औरंगाबादेत नान-खलिया शिजवणाऱ्यांनी. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण, त्यामुळे कल्हईचा नियम त्यालाही तंतोतंत लागू पडतो. पुढे जे तांब्याबद्दल म्हटले आहे ते बहुतेक पितळेबद्दलही खरे आहे.

भांडे घेताना पहिला प्रश्न जाडीचा. दुकानदार जाडी सांगत नाही, वजन सांगतो. पण वजनावरून जाडी काढता येते. २० सेंटिमीटर व्यासाचे आणि १० सेंटिमीटर उंचीचे सरळ बाजूंचे पातेले १ मिलिमीटर पत्र्याचे असेल, तर साधारण ८५० ग्रॅम भरते आणि २ मिलिमीटरचे असेल, तर पावणेदोन किलोच्या आसपास जाते. त्याच मापाचे भांडे चारशे ग्रॅमचे निघाले, तर ते वाढण्यापुरते घ्यावे, शिजवायला नको. खिशात लहानसा लोहचुंबक असलेला बरा. तांब्याला चुंबक चिकटत नाही. चिकटला, तर आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा.

स्टीलच्या बुडाला तांब्याचा रंग दिलेली पातेली आता घरोघर आहेत. त्या बुडावरचा तांब्याचा थर बहुधा इतका पातळ असतो की उष्णता पसरवण्याचे काम त्याच्याकडून होत नाही. ते घासण्यात मात्र घरातल्या माणसांचा वेळ जातो. दोन्ही धातूंचे दोष एकत्र हवे असतील, तर ही खरेदी चांगली.

दुसरी गोष्ट ठोक्यांची. पुण्याच्या कसबा पेठेत, पेशवाईत वसलेल्या तांबट आळीत, भांड्यांवर एकसारख्या ठोक्यांच्या ओळी उठवतात. त्याला मठारकाम म्हणतात. सकाळी त्या गल्लीत शिरले की ठोक्यांचा आवाज आधी येतो, माणसे मागून दिसतात. कारागीर पाय पसरून बसतो, भांडे लोखंडी खुंटावर पालथे धरतो आणि चकचकीत तोंडाच्या हातोडीने ठोका देतो. प्रत्येक ठोक्याबरोबर भांडे बोटभर सरकते आणि ओळ कधी वाकडी जात नाही. ही नक्षी शोभेची आहे, पण तेवढीच नाही. तांबे मुळात मऊ असते आणि ठोकल्याने कडक होते. मठारलेल्या घंगाळाला लवकर पोचे येत नाहीत, ते या ठोक्यांमुळे. हल्ली साच्यात दाबून तसेच ठसे उमटवलेला पातळ पत्रा स्वस्तात मिळतो. त्याची ओळख आतून पटते. साच्याच्या भांड्यात प्रत्येक खळग्यामागे तेवढाच उंचवटा असतो. खुंटावर ठोकलेले भांडे आतून गुळगुळीत असते.

नव्या भांड्यावर झळाळी टिकावी म्हणून बरेचदा लॅकरचा हात मारलेला असतो. चुलीवर ठेवण्याआधी तो काढावा लागतो, नाहीतर जळून काळा पडतो. हा झाला बाहेरचा विषय. आतल्या कल्हईचा विषय जास्त महत्त्वाचा, आणि तो भट्टीपाशी सुरू होतो.

कल्हईवाला आधी भांडे आतून घासून उघडे करतो. मोठे पातेले असेल, तर वाळू आणि गोणपाट घालून त्यात उभा राहतो आणि भिंतीला धरून कमरेतून गरगर वळतो. मग भाता सुरू होतो. भांडे निखाऱ्यावर पुरेसे तापले की चिमूटभर नवसागर आत पडतो आणि नाक झोंबणारा पांढरा धूर उठतो. उष्णतेने नवसागर फुटून त्यातून निघणारे आम्ल तांब्यावरची मळी खाऊन टाकते. ही मळी गेली नाही, तर कथील धरत नाही, नुसते थेंब होऊन घरंगळते. पाठोपाठ कथलाची कांडी तापल्या बुडाला टेकवली की ती तिथेच वितळते. कापसाच्या बोळ्याने एकच गोल हात फिरतो आणि लाल तांब्यावर पांढरी झळाळी काठापर्यंत चढत जाते. भांडे पाण्यात बुडते, चर्र आवाज होतो, काम संपते. इतका कौशल्याचा आणि इतक्या थोड्या मिनिटांचा दुसरा धंदा रस्त्यावर क्वचितच पाहायला मिळत असे.

यात फसवणुकीला जागा आहे. कथील तांब्यापेक्षा महाग, शिसे दोघांपेक्षाही स्वस्त, आणि शिसे मिसळलेले कथील कमी आचेवर वितळते, त्यामुळे हात मारायला सोपे जाते. शिसे पोटात जाणे लहान मुलांसाठी तर फारच वाईट. म्हणून कांडी बघायला मागावी. शुद्ध कथलाची कांडी कानाजवळ धरून वाकवली की आतून चुरचुर असा बारीक आवाज येतो. त्या धातूचे स्फटिक एकमेकांवर सरकतात त्याचा तो आवाज. शिसे मुकाट्याने वाकते आणि कागदावर ओढले, तर पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटवते. रोजच्या वापरातल्या भांड्याची कल्हई काही महिन्यांत झिजते. आत रुपयाएवढा लाल डाग दिसू लागला की ते भांडे चुलीवरून उतरवावे.

याला सोवळे-ओवळे समजून हसणाऱ्यांसाठी एक हकिकत आहे, आणि तीही पुण्याचीच. भारतात लहान मुलांना होणारा यकृताचा एक आजार दीर्घकाळ वैद्यांना आणि डॉक्टरांना चकवीत होता. सहा महिने ते चार-पाच वर्षांचे मूल किरकिरे व्हायचे, पोट फुगायचे, यकृत दगडासारखे हाताला लागायचे, कावीळ व्हायची आणि थोड्या महिन्यांत मूल जायचे. लोक नुसते ‘लिव्हर झाले’ म्हणत. एकाच घरात एकामागून एक भावंडे जात, त्यामुळे दोष रक्तातला असावा असे मानले जाई. कोणी शाप म्हणे, कोणी आईच्या दुधाला नावे ठेवी. यकृताची तपासणी केली तेव्हा त्यात तांब्याचा अफाट साठा आढळला. एवढे तांबे रांगत्या मुलाच्या अंगात आले कुठून, हा प्रश्न राहिला.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि ब्रिटनमधले डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी उत्तर स्वयंपाकघरात शोधले. १९८३ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा निष्कर्ष छापून आला. नंतर आजारी मुलांच्या आणि त्याच वयाच्या निरोगी मुलांच्या खाण्यापिण्याची तुलना झाली, तेव्हा चित्र आणखी ठळक झाले. आजारी मुलांना गाई-म्हशीचे दूध लवकर सुरू झालेले होते, आणि ते दूध तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवून त्यातच ठेवले जात होते. दुधातले केसीन हे प्रथिन तांबे धरून ठेवते. ज्या भांड्यात नुसते पाणी तापवले, तर तांबे फारसे उतरणार नाही, त्याच भांड्यात दूध ते ओढून घेते. अंगावर पिणारे मूल सुरक्षित होते. ज्या दुधावर बाळ पोसायचे, त्याच दुधाच्या पातेल्याची कल्हई उडालेली होती.

हा उलगडा पितळी पातेल्याइतकाच साधा होता, म्हणून तर इतकी वर्षे कोणाच्या डोळ्यांना दिसला नाही. कर्ती बाई बाळासाठी घरातले जुने, वडिलोपार्जित, चांगले भांडे वापरत होती. दूध तापवण्याची भांडी बदलण्याचा सल्ला दिला गेला, स्टील आणि ॲल्युमिनियम घरोघर पोचत होतेच, आणि तो आजार जवळजवळ नाहीसा झाला. आज शिकणाऱ्या बालरोगतज्ज्ञांपैकी अनेकांना तो पुस्तकातच भेटतो. आल्प्समध्ये, ऑस्ट्रियाच्या टायरोल भागात, अगदी असेच घडले होते. तिथे १९०० ते १९७४ या काळात १३८ बालके अशाच विकाराने गेली, आणि तिथेही कारण निघाले ते कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात तापवलेले गाईचे दूध. तिथल्या आयांनी पुण्याचे नाव ऐकले असण्याची शक्यता नाही. कल्हईवाल्याच्या आरोळीला परंपरेचा गोड उमाळा म्हणून आठवणारे बरेच भेटतात. बाळाच्या दुधाच्या बाबतीत ती आरोळी आरोग्य खात्याची होती.

कल्हई केलेल्या भांड्याला दोन गोष्टी वर्ज्य आहेत. पहिली, रिकामे भांडे आचेवर ठेवणे. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते आणि कोरडे पातेले गॅसवर तेवढे तापायला वेळ लागत नाही. त्याच कारणाने त्यात कडकडीत तेलाची फोडणी करू नये. जुन्या घरात फोडणी लोखंडी पळीत करून आमटीवर ओतत, त्यात चवीबरोबर शहाणपणही होते. दुसरी वर्ज्य गोष्ट म्हणजे राख, वाळू आणि तारेचा घासणा. आतून काथ्याचा किंवा मऊ स्पंजाचा हात पुरे. कथील वापराने करडे पडते, ते तसेच राहू द्यावे. चकचकीत करण्याच्या नादात ते निघून जाते. कलथा लाकडी असावा. इंडक्शनच्या शेगडीवर नुसते तांबे तापतच नाही, हे खरेदीआधी कळलेले बरे.

बाहेरून चिंच-मीठ, लिंबाची साल किंवा आमसुलाचे पाणी, जे घरात असेल ते. आम्ल काळा थर विरघळवते आणि मीठ त्याला मदत करते. पितांबरीनेही भागते. घासून झाल्यावर लगेच धुऊन कोरड्या फडक्याने पुसावे, नाहीतर पाण्याचे डाग पडतात. दमट हवेत हिरवा कळंक धरतो. तो आतल्या बाजूला दिसला, तर स्वच्छ होईपर्यंत भांडे बाजूला ठेवावे. ताक, दही, कढी, सोलकढी, लोणचे कल्हई नसलेल्या भांड्यात कळकते, हे सांगायला रसायनशास्त्र लागत नाही, पहिला घोटच सांगतो.

पाण्याचे मात्र वेगळे. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले जंतू मरतात, हा जुना समज प्रयोगात खरा ठरला आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात १६ तासांनंतर जुलाब आणि पटकीचे जंतू जिवंत सापडले नाहीत, आणि पाण्यात उतरलेले तांबे जागतिक आरोग्य संघटनेच्या लिटरला २ मिलिग्रॅम या मर्यादेच्या खूपच आत राहिले. म्हणून पाण्याच्या हंड्याला कल्हई करीत नाहीत. त्यात लिंबू पिळू नये आणि तो आतून नियमित घासावा, एवढीच त्याची निगा.

कल्हई करणारा भरवशाचा माणूस जवळपास असेल, तर तांब्याचे जाड पातेले खुशाल घ्यावे. तो नसेल, तर हंडा घ्यावा आणि स्वयंपाक स्टीलमध्ये करावा.