पायांखालची माती

झुरळ हा पाळण्याजोगा जीव आहे असे म्हटले, की ऐकणारा प्रथम हसतो व मग नाक मुरडतो. परंतु काळ्या पंखांवर सात पांढरे ठिपके मिरविणारे दक्षिण भारतातील रानझुरळ एकदा पाहिले, म्हणजे स्वयंपाकघरातील त्याच्या भाऊबंदांचा विसर पडतो. 'थेरिया पेटिव्हेरियाना' हे त्याचे शास्त्रीय नाव. दिवसाच्या उन्हात ते पालापाचोळ्याखाली व भुसभुशीत मातीत दडून बसते. मादी आपल्या अंड्यांच्या कुप्या त्याच मातीत टाकते आणि पिल्लेही तेथेच वाढतात. म्हणून काचेच्या बरणीच्या तळाशी काय घालावे, हाच प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. तो तळ म्हणजे त्यांचे घर, पाळणा आणि ताटही होय.

आजीने मोठ्या तत्परतेने कडुलिंबाचा पाला पुढे केला. "हा घाल रे बाबा, कीड लागायची नाही!"

"अगं आजी, पण मी कीडच तर पाळतो आहे!" यावर तीही खळखळून हसली.

तिच्या बोलण्यात मात्र निवडीचे सारे सूत्र होते. धान्याच्या कणगीतून जे किड्याला दूर ठेवते, ते बरणीत त्याचा घात करील. कीटक अंगावरील सूक्ष्म छिद्रांनी श्वास घेतात. कोंडलेल्या जागेतील उग्र वास त्यांना कसा सोसावा? याच न्यायाने देवदाराचा भुसा, नीलगिरीची पाने, कापूर आणि औषध फवारलेली बागेतील माती ही सर्व वर्ज्य ठरली.

शेवटी मी नारळाच्या सोडणांचा भुसा पसंत केला. सोडणे खाऱ्या पाण्यात कुजविलेली असली, तर भुशात मीठ उरते. म्हणून तो गोड्या पाण्याने दोनतीनदा धुतला. त्यात रानातील कुजकी पाने मिसळून सात-आठ सेंटिमीटरांचा थर दिला. मुठीत आवळला असता गोळा व्हावा, पण पाणी ठिबकू नये, इतपतच ओल ठेवली. एक बाजू कोरडी राखली आणि बुरशी धरू नये म्हणून तोंडाला बारीक जाळी बांधली.

रानातील माती मानवली नाही, तर किडा दुसरीकडे चालू लागतो. बरणीतल्या किड्याला ती वाट मोकळी नाही. ती आपणच बंद केली. तेव्हा त्याच्या पायांखाली निर्धोक जमीन असावी, हे आपल्यावरील ऋणच होय.